पहिली गोळी मालकाची

नागपूरच्या पाचपावलीतल्या नंदनवार सावजी भोजनालयाच्या गल्ल्यावर बसून मोरेश्वर नंदनवार माणसं जोखायचा. माप एकच, घाम. मटणाचा रस्सा पुढ्यात आला की ज्याच्या कपाळाला आधी घाम फुटतो तो माणूस शब्दाचा पक्का. मानेला फुटतो तो बायकोला वचकून असणारा. आणि नाकाच्या शेंड्यावर थेंब येतो तो हमखास पुण्याकडचा. ज्याला घाम येतच नाही त्याला मुलगी देऊ नये, असं तो गिऱ्हाइकांना फुकटात बजावायचा. गृहस्थ साठीला टेकलेला, पोट गल्ल्याला टेकलेलं, आणि नजर अशी की समोरचा किती भाकऱ्या खाणार हे तो पायरी चढतानाच सांगे.

रस्सा मात्र त्याचा नव्हता. तो त्याच्या बायकोचा, कौसल्याबाईंचा. आतल्या भट्टीवर पस्तीस वर्षं त्यांचाच हात. जवसाचं तेल, भाजलेली खसखस, दगडफूल, काळी मिरी, आणि पुढे जे काय घालायचं ते त्या कोणाला सांगत नसत. नवरा जेवायला आत आला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, “काहो, हात धुतले का?” मोरेश्वरनं हात धुतलेले असोत, नसोत, तो भिजून आलेला असो, हे वाक्य झाल्याशिवाय ताट पुढे सरकत नसे. एकदा एका आमदाराच्या पंगतीत त्यांनी हेच विचारलं, आणि नवऱ्याबरोबर आमदारही उठून हात धुवून आला.

भोजनालयाची आणखी एक रीत होती आणि मोरेश्वरला तिचा फार अभिमान. इथे रांग लागायची, त्यामुळे दारात टोकन मिळे. टोकनाबरोबर मिळे एक गुलाबी गोळी. सावजी जेवण म्हणजे पोटात भट्टी पेटवणं, तेव्हा गिऱ्हाइकाला नंतर त्रास नको म्हणून मोरेश्वरनं वीस वर्षांपूर्वी ही सोय सुरू केली. तेव्हा साधी गोळी होती. अलीकडे औषधाच्या दुकानात नवी, अर्ध्या तासात आम्ल बंद करणारी आली होती, जिला सगळं नागपूर गारगोळी म्हणे. दाराशी स्टुलावर दोन वाट्या असत, एकीत बडीशेप, दुसरीत गारगोळ्या. सकाळी अकराला रांगेसमोर मोरेश्वर स्वतः एक गोळी उंच धरून दाखवी आणि गिळी. रांगेतून कोणीतरी ओरडे, “पहिली गोळी मालकाची.” लोक हसत, टाळ्या वाजत, आणि दुकान उघडे. मालक स्वतः घेतो म्हटल्यावर गिऱ्हाइकाला कसली शंका?

त्या उन्हाळ्यात मोरेश्वरचे गुडघे धरले. लग्नसराईत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी, चणेफुटाणे खाल्ल्यासारख्या खाल्ल्या. एका दुपारी गल्ल्यावर त्याला अंधारी आली. त्याआधी सकाळी संडासला डांबरासारखं काळं झालं होतं, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कौसल्याबाईंनी त्याला ऑटोत घातलं. ऑटोला ड्रायव्हर नव्हता, आता नागपुरात निम्म्यांना नसतोच, म्हणून त्यांनी ऑटोलाच दम दिला, “नीट चाल बाप्पा, आत आजारी माणूस हाये.”

डॉक्टर होती केतकी हेडाऊ. त्यांच्याच गल्लीत वाढलेली, लहानपणी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा खाऊन नाक पुसत घरी जाणारी. आता पोटाच्या विकारांची मोठी डॉक्टर. तिनं दुर्बीण घालून पाहिलं, रक्त थांबवलं, आणि दोन दिवसांनी पडद्यावर चित्र दाखवलं.

“हा बघा काका, अल्सर. जांभळाएवढा.”

“माह्या पोटात जांभूळ पिकलं अन् मलेच माहीत नाही.”

“पोटाच्या अस्तरात अगणित बारके बारके पंप असतात,” केतकीनं टेबलावर पेपरवेट ठेवून त्यालाच पोट केलं. “ते पोटात आम्ल ओततात. ते इतकं जहाल असतं की पोटानं स्वतःलाच पचवायला हवं. पचवत नाही, कारण आत चिकट थर असतो. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांनी तो थर उडवला. वर एक जंतू निघाला, तो तर लहानपणापासूनचा भाडेकरू असणार. त्याला औषध देते.”

“अन् तिखट?”

“तिखटानं जळजळ वाढू शकते. पण हे भोक तिखटानं पाडलेलं नाही.”

मोरेश्वर उठून बसला. “बाई, हे एकदा फोनमध्ये बोल. माह्या साळ्याले पाठवतो. वीस वर्षं झाली, कौसल्येच्या रस्स्याले दोष देऊन राहिला.”

मग केतकीनं ट्रेमधून एक कॅप्सूल उचलली. तुरीच्या दाण्याएवढी. हिचं नाव राखणदार. गिळली की पोटात जाऊन छत्रीसारखी उघडते, आतल्या एका वळीत पाय रोवून बसते, आणि वर्षभर आम्ल मोजत राहते. जास्त झालं की औषधाचा थेंब सोडते, तेवढ्यापुरते पंप मिटतात, मग पुन्हा उघडतात. जुन्या गोळ्या सगळा कारखाना बंद करून कुलूप लावायच्या. ही नळ कमी-जास्त करते. काम झालं की विरघळून जाते.

“एकच भानगड होती,” केतकी म्हणाली. “जेवण पोटात पडायच्या आधीच पंप सुरू होतात. वास आला, ताट दिसलं, कोणी नुसतं नाव काढलं, की मेंदू एका लांब मज्जातंतूवरून पोटाला निरोप धाडतो, तयारी कर. ती आग चांगली, तिच्यानं अन्न पचतं. ती विझवायची नाही. म्हणून राखणदार तिचा वेगळा आकडा ठेवतो, शून्य ते शंभर. आम्ही त्याला ओढ म्हणतो. मनगटावरच्या या पट्ट्यात दिसतो.”

“म्हणजे मले काय आवडते ते माह्याआधी पोट सांगते?”

“साधारण तसंच. आता बाकीच्या आम्ल कमी करायच्या गोळ्या सगळ्या बंद. एकही नको.”

“बंद म्हणजे बंद.”

आणि तो खरंच तसं वागला. घरी येऊन उशाखालच्या, देवघरातल्या, स्कूटरच्या डिकीतल्या गोळ्यांच्या साऱ्या पट्ट्या त्यानं कचऱ्यात घातल्या. पुढच्या सोमवारी अकराला रांगेसमोर पहिली गोळी मालकाची झाली. त्या दिवशी टाळ्या नेहमीपेक्षा जोरात पडल्या.

राखणदार काही एकट्या मोरेश्वरच्या पोटात नव्हता. आंबट ढेकरांनी आणि अल्सरनं हैराण झालेलं अर्धं शहर त्या हिवाळ्यापर्यंत कॅप्सूल गिळून बसलं, आणि मग नागपुरात जी मजा सुरू झाली तिला तोड नाही. तोंडानं कौतुक करणं स्वस्त होतं. आता लोक पोटाचा पुरावा मागू लागले. सासवा सुनेच्या भाजीपुढे मुलाचं मनगट धरून बसू लागल्या. मुलगी बघायला गेलेल्या एका मुलाच्या पट्ट्यानं पोह्यांवर बारा आणि मुलीच्या धाकट्या बहिणीनं आणलेल्या चहावर ऐंशी दाखवले, तर तिथल्या तिथे बोलणी मोडली. कवींच्या बैठकीत कविता चालू असताना श्रोत्यांची ओढ एकदम वाढली, कवी हरखला, आणि मग कळलं की मागच्या दारानं समोसे आले होते.

हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं तर दारोदार पाट्याच लावल्या. आत जेवणाऱ्यांच्या पट्ट्यांवरचे आकडे बिननावाने गोळा व्हायचे आणि त्यांची सरासरी लाल अक्षरांत दारावर झळकायची.

मोरेश्वर तर हवेतच होता. आपली पाटी नव्वदच्या खाली येणारच नाही, असं त्यानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं. “आजवर लोक कौसल्येची तारीफ तोंडानं करत होते,” तो म्हणायचा, “आता आकड्यानं होईन. पोट खोटं बोलत नाही.”

डॉक्टरनं रस्सा खायला परवानगी दिली त्या दिवशी कौसल्याबाई पहाटे उठून पाट्यावर मसाला वाटायला बसल्या. दुपारी पहिली पंगत उठल्यावर त्यांनी पाट मांडला, पाण्याच्या तांब्याला टेकवून नवऱ्याचा फोन उभा केला, त्यावर पट्ट्याचा आकडा मोठा दिसे. एरवी मशीनला नाकं मुरडणारी बाई, पण आज पदर खोचून समोर बसली.

“काहो, हात धुतले का?”

“धुतले.”

ताट आलं. रस्स्यावर बोटभर लाल तवंग. मोरेश्वरनं वाकून डोळे मिटून वास घेतला. घरभर तोच वास होता.

फोनवर आकडा आला. तीन.

“शंभरातले?” कौसल्याबाईंनी विचारलं.

“गरम व्हाले वेळ लागत असन.” त्यानं घाईनं घास घेतला. आकडा दोनवर गेला.

“कमी झाला.”

“अवो, मशीन हाये ते. त्याले काय समजते?”

“तुम्हीच म्हणत होते ना, पोट खोटं बोलत नाही.”

त्यांनी भाकरी वाढली, पाणी ठेवलं, आणि आत गेल्या. मोरेश्वर जेवला. रस्सा त्याला नेहमीइतकाच, कदाचित जास्तच चांगला लागला, पण हे आता सांगणार कसं, आणि मानणार कोण?

आठवड्यानं दारावर पाटी लागली. अकरा. शहराच्या यादीत सगळ्यात खाली. एका दवाखान्याच्या कँटीनच्याही खाली, जिथे भाजीत मीठ घालत नाहीत. नेहमीची गिऱ्हाइकं पाटी बघून खजील झाली, कारण ते आकडे त्यांच्याच पोटांचे होते. टेंभुर्णे मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक, पाटोडीच्या रस्स्यावर जीव असलेले, गल्ल्याशी येऊन हळूच म्हणाले, “मोरेश्वरराव, मले खरंच आवडते हो. पोट काऊन असं करून राहिलं, समजत नाही.”

कौसल्याबाईंनी त्रागा केला नाही, तेच जास्त वाईट होतं. त्या दिवशी त्यांनी हात पुसले आणि सांगितलं, “माह्या हाताची चव गेली. माणसं तोंडावर बोलत नव्हती, इतकंच. हा महिना सरला की भट्टी विझवू. तोवर करते. पण कसं झालं म्हणून मले विचारू नका, अन् सांगू तर नकाच.”

त्यानंतर ताट यायचं, वाक्य यायचं नाही. मोरेश्वर मुद्दाम मोरीकडे न जाता पाटावर बसून पाही, बायको काही विचारते का. ती ताट सरकवून निघून जाई.

अशात पोह्यांचं प्रकरण झालं. केतकीनं सकाळी चालायला सांगितलं होतं. चौकातल्या हातगाडीवर तर्रीपोहे गरम होत होते. मोरेश्वर नुसता शेजारून जात होता, आणि मनगटावरचा पट्टा गुरगुरला. एकाहत्तर. तो चोरासारखा पावलं उचलून निघाला, पण मागून टेंभुर्णे मास्तर चालत होते आणि मास्तरांची नजर अजून शाबूत होती. दहाच्या आत बातमी भट्टीपर्यंत पोचली.

“परक्याच्या पोह्यावर एकाहत्तर,” कौसल्याबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. “माह्या मटणावर तीन.”

“चुकून झालं, अवो.”

“चुकून पाच-सात होते. एकाहत्तर चुकून होत नाही.”

मोरेश्वर पोत्यावर जाऊन बसला. अकरा वाजले. बाहेर रांग लागली, टोकनं वाटली गेली, पण त्याला उठवेना. इतक्यात कौसल्याबाईंनी जवसाच्या तेलात वाटण सोडलं. चर्र झालं, धूर उठला, आणि मोरेश्वरचा पट्टा असा गुरगुरला की तो दचकून पोत्यावरून खाली आला.

अडुसष्ट. एकाहत्तर. ब्याऐंशी.

“कौसल्ये, हा आकडा पाय,” तो ओरडलाच. पण त्याच वेळी बाहेर रांगेनं गलका केला, “मालक, गोळी, गोळी.” दार उघडायचं खोळंबलं होतं. तो धावत बाहेर गेला, गारगोळी उंच धरून दाखवली, गिळली, टोकनं तपासली, दोघांना टेबलं दिली आणि मनगट पुढे धरून पुन्हा आत आला. तोवर अर्धा तास झाला होता.

“काय दाखवता?” कौसल्याबाईंनी विचारलं. “नऊ?”

त्यानं बघितलं. नऊ. बघता बघता सहा. वाटण तेच, वास तोच, बायको तीच. मधल्या वेळात काय बदललं?

माणसं जोखण्यात ज्याची हयात गेली त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला जोखलं. सकाळी पोह्यांपाशी तो कसा होता? रिकाम्या पोटी. आत्ता वाटण पडलं तेव्हा? तेव्हाही. मग बाहेर जाऊन त्यानं काय केलं? त्यानं दारातून रांगेकडे पाहिलं. रांगेतला प्रत्येक माणूस टोकन खिशात टाकत होता आणि गुलाबी गोळी तोंडात.

तो स्कूटरवर बसला तेव्हा हेल्मेट उलटं होतं.

“काका, मी सगळ्या गोळ्या बंद सांगितल्या होत्या,” केतकी म्हणाली.

“केल्या ना. ही गोळी नाही, ही टोकनाबरोबरची हाये.”

केतकीनं कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, “गारगोळी घेतली की पंप संध्याकाळपर्यंत बंद. काकूंचा वास नाकात जात होता, मेंदू पोटाला निरोप धाडत होता, सगळं ठीक होतं. पण नळच बंद, तर पाणी कुठून येणार? राखणदार पाणी मोजतो, काका. निरोप मोजत नाही.”

“म्हणजे तीन खोटा.”

“साफ खोटा. आणि ऐका, ओळख ना पाळख अशा माणसांना बडीशेपेसारखं औषध वाटता तुम्ही. कोणाच्या पोटातला मोठा आजार त्या गोळीखाली झाकून राहिला असता तर?”

मोरेश्वर खुर्चीत आक्रसून बसला. मग केतकीचा आवाज उतरला. “बंद करा, पण एक सांगून ठेवते. रोज घेणाऱ्यांचं पोट वर्षानुवर्षं पंप बंद बघून वैतागलेलं असतं. ते संदेश वाढवत जातं, आम्लाचा कारखाना वाढवून ठेवतं. गोळी सुटली की सगळं एकदम उघडतं. दोन-तीन महिने आग दुप्पट. ज्यांच्या पोटात राखणदार आहे त्यांची तो विझवेल. पण विझवायच्या आधी मोजेल.”

“मोजन म्हणजे… आकडा?”

“फुगेल. कशावरही.”

मोरेश्वर छताकडे बघू लागला.

“काका, तुम्ही काय हिशेब करताय ते मला इथून दिसतंय.”

दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची वाटी उचलली गेली. रोजच्या गिऱ्हाइकांना मोरेश्वरनं केतकीचा पत्ता दिला, ज्यांच्या पोटात राखणदार नव्हता त्यांना गोळी हळूहळू कशी सोडायची ते ती शिकवणार होती. इथवर तो सरळ वागला. फुगणाऱ्या आकड्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. बायकोला एवढंच म्हणाला, “गोळीनं घात केला, तुहा हात सोन्याचा होता अन् हाये.” ते खरंही होतं.

पाटी चढू लागली. चौतीस, साठ, त्र्याऐंशी. तिसऱ्या आठवड्यात चौऱ्याण्णव. शहरात पहिला नंबर. रांग चौक ओलांडून पेट्रोलपंपापर्यंत गेली. दुसऱ्या गावाहून गाड्या आल्या. कोणीतरी पाटीबरोबर फोटो काढले, कोणीतरी पाटीला हार घातला. कौसल्याबाई पुन्हा भट्टीपाशी अशा उभ्या राहिल्या की झारा त्यांच्या हातात वाजू लागला. महिना सरला, भट्टी विझवायचं नाव नाही. दुपारी ताट वाढताना “काहो, हात धुतले का?” परत आलं, आणि मोरेश्वरचा पट्टा अठ्ठ्याण्णव दाखवी. तो हसून जेवायचा. पट्ट्याकडे मात्र बघायचं टाळायचा.

हॉटेलवाल्यांची संघटना रविवारी कौसल्याबाईंचा सत्कार करणार होती, शालबिल सगळं. आदल्या दुपारी त्यांनी नवऱ्याचं ताट वाढलं. ताटात दोडका. नुसता उकडलेला, बिनमिठाचा. दोडक्याला मोरेश्वर जन्मभर शिक्षा म्हणत आला होता.

पट्टा गुरगुरला. शहाण्णव.

कौसल्याबाई समोर बसल्या. “काल तुम्ही भांड्यांची पावडर आणली, तिच्यावर लिंबाचं चित्र होतं. त्याच्यावर चौसष्ट. मी बघून राहिली होती. बोला.”

मोरेश्वरजवळ वाक्य तयार होतं, तुहा हात लागला की दोडकाही गोड. चांगलं वाक्य होतं. ती मानलीही असती, निदान उद्याच्या शालीपुरती. त्यानं तोंड उघडलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, पंप, कारखाना, दुप्पट आग, केतकी काय म्हणाली होती, सगळं भडाभडा बाहेर आलं.

कौसल्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. “म्हणजे तीन खोटा, अन् चौऱ्याण्णवही खोटा.”

“होय.”

“मग खरा कोणता?”

“आग उतरली की समजन. दोन महिने लागतीन.”

“अन् तवा तेवीस निघाला तर?”

ती भीती मोरेश्वरलाही होती. म्हणून तर तो इतके दिवस गप्प होता. तो म्हणाला, “तेवीस निघाला तर पोट बदलून घेईन. पण भट्टी विझवू नको.”

कौसल्याबाईंनी ताट ओढून घेतलं. दोडका बाजूला काढला आणि झाकून ठेवलेला रस्सा वाढला. “उद्या शाल घेतली असती तर अंगाले टोचली असती,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी पेट्रोलपंपापर्यंतच्या रांगेसमोर मोरेश्वर स्टुलावर चढला, पाटीचं बटण बंद केलं आणि हार काढून हातात धरला. “हा आकडा रस्स्याचा नाही, सुटलेल्या गोळीचा हाये,” त्यानं सांगितलं. “दोन महिने तुमची पोटं दोडक्यालेही नव्वद देतीन. ज्याले आकडा खायाचा हाये त्यानं जावं. ज्याले जेवायचं हाये त्यानं थांबावं.” रांग वितळली. संघटनेचे लोक शाल घडी घालून परत घेऊन गेले. मागे राहिले ते नेहमीचेच, त्यांत सगळ्यात पुढे टेंभुर्णे मास्तर. ते म्हणाले, “पण मग दुकान उघडाचं कसं? पहिलं काय?” तेवढ्यात आतून कौसल्याबाईंनी नवऱ्यासाठी मठ्ठ्याचा पेला पाठवला. त्यानं तो उंच धरून दाखवला, प्यायला, आणि मिशीला पांढरा ओघळ लागला तेव्हा टाळ्या पडल्या.

दोन महिने गेले. सकाळचा तर्रीपोह्यांचा आकडा रोज थोडा उतरत होता, मोरेश्वर तो चालता चालता बघत असे. दुपारी जेवताना मात्र तो पट्टा काढून ठेवी. खरं तर धीर होत नव्हता.

शेवटच्या तपासणीला केतकीनं त्याला उपाशी बोलावलं. दुर्बीण आत गेली, बाहेर आली. जांभळाच्या जागी आता फिकट गुलाबी डाग होता, बाळाच्या गालासारखा.

“भरला,” केतकी म्हणाली. “आणि आगही खाली आली. पट्टा घाला बघू.” पट्ट्यावर शून्य. खोलीत फिनाईलचा वास, टेबलावर कागद, खाण्याचं नावही नाही. “हा खरा शून्य. आता जो आकडा येईल तो खरा.”

मोरेश्वरनं घाईघाईनं पट्टा सोडायला घेतला, आणि तेवढ्यात फोन वाजला. केतकीनंच स्पीकर लावला.

“काहो, हात धुतले का?” सवयीनं आधी तेच आलं. मग, “म्हणजे निघाले का, म्हणून विचारलं. भाकऱ्या टाकू का?”

पट्टा गुरगुरला. केतकीनं मोरेश्वरचं मनगट धरलं. ऐंशी.

“भाकरीचं नाव निघालं म्हणून,” तो पुटपुटला.

केतकीनं फोनवर आकड्याच्या आलेखाची रेघ मागे ओढली आणि बोलण्याच्या वेळेशी जुळवून बघितली. “नाही काका. भाकरी नंतर आली. रेघ चढली ती ‘हात’वर, आणि ‘धुतले का’ होईतो माथ्यावर.” तिला हसू आवरेना. “पस्तीस वर्षं हे वाक्य ऐकलं की ताट येतं. पोटानं पाठ करून ठेवलंय.”

“कोण बोलून राहिलं?” फोनमधून आवाज आला. “डॉक्टरीणबाई काय म्हणते?”

मोरेश्वरनं फोन तोंडाजवळ धरला. “अवो, परत म्हण.”

“काय?”

“तेच. आत्ता म्हणली ते.”

“कायले?”

“मोजून राहिले इथं.”

पलीकडे झारा कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग जरा हळू, जणू रांगेतल्या कोणी ऐकू नये, कौसल्याबाई म्हणाल्या, “हात धुतले का?”

ब्याण्णव.

मोरेश्वर उठला, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला, आणि बाह्या वर सारून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले.